ताई, मी मॅचला जाऊन आले

प्रिय ताई,

आपण हरलो. आधी तेच सांगते, कारण तू असतीस तर दारातच आधी तेच विचारलं असतंस. अकरा पॉइंटांनी हरलो. शेवटच्या पाच मिनिटांत काही उरलंच नव्हतं, आमच्या पुढच्या रांगेतले लोक जॅकेट चढवायला लागले होते.

आज शनिवार. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. पाठ धरली आहे, बॅग अजून गाडीतच आहे. सुनील ग्रोसरी आणायला गेलाय. सुट्टी सोमवारपर्यंतची टाकली होती, कारण जिंकलो असतो तर आज दुसरी मॅच होती. आता दिवस मोकळे आहेत आणि पडून राहिलं तरी झोप येत नाही. ओहायोहून परत येताना कॅरलने मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून तुझ्याशी बोलायचं आहे. हात अजूनही फोनकडेच जातो. मग लक्षात येतं आणि मी फोन पालथा ठेवते. म्हणून लिहिते आहे.

मी गेलेच कशी, हेच तुला आधी खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

गेल्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर कॉलेज बास्केटबॉलच्या टूर्नामेंटच्या टीम जाहीर झाल्या. मी बघत नव्हते, कपड्यांच्या घड्या घालत होते. कॅरलचा फोन आला. एकोणीस वर्षं प्रत्येक मॅचला तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली कॅरल. तू गेल्यापासून ती दर पंधरा दिवसांनी फोन करते, माझी चौकशी करते आणि मग तिच्या गुडघ्यांबद्दल सांगते. त्या दिवशी गुडघे नाहीत, काही नाही. म्हणाली, "आपली टीम आत आहे. गुरुवारी, ओहायोत. येतेस?"

मी म्हटलं, "कॅरल, मी फार दमले आहे."

"मीही," ती म्हणाली. "पण मला आठ तास गाडी चालवता येणार नाही, आणि मला घरी बसून बघायची नाही. यंदा नाही."

मी उद्या सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. सुनील म्हणाला, "जायलाच पाहिजे असं काही नाही. कोणी काही म्हणणार नाही." ते खरंच होतं. सात महिने झाले तुला जाऊन. तुझं अपार्टमेंट रिकामं केलं, तुझी गाडी विकली, बँका, इन्शुरन्स, तुझ्या ऑफिसचे फॉर्म. प्रत्येक ठिकाणी तुझ्या नावाचं स्पेलिंग सांगत बसले. शनिवार-रविवार कुठे जात होते तेच कळत नव्हतं. त्यात आठ तास जायला, आठ तास यायला, आणि ज्या खेळातलं मला अजूनही धड कळत नाही तो बघायला?

तुमचा दर मार्चमधला तो वाद आठवतो का? हरलं की संपलं, अशी ती स्पर्धा. मग पहिल्याच मॅचला जायचं, की दोन जिंकेपर्यंत थांबायचं आणि पुढच्या आठवड्यातल्या मोठ्या मॅचला जायचं? तुमच्या ग्रुपमधले हुशार लोक थांबायचे. सुट्टी वाचवायचे. तू नाही थांबलीस कधी. "पुढचा आठवडा कोणी बघितलाय?" म्हणायचीस आणि सोमवारी सकाळी बॉसला मेल टाकून मोकळी व्हायचीस.

माझ्या घराच्या वास्तुशांतीला तू काय केलंस? गुरुजी आरतीची तयारी करत होते आणि तू सत्यनारायणाचा प्रसाद कागदी वाटीत घेऊन गाडीत जाऊन बसलीस. "टिप-ऑफच्या आत पोचायचंय गं, मॅच सुरू होईल." मी हसून सगळ्यांना सांगितलं, आमची ताई अशीच. पण मला राग आला होता. तुला कळला होता ना?

आणि तरी मला त्यामागचं माहीत होतं. नागपूरला धरमपेठेच्या मैदानावर तू खेळायचीस आणि मी बाजूला तुझी ओढणी आणि पाण्याची बाटली धरून उभी असायचे. तू सगळ्यांत बुटकी होतीस आणि बॉल सगळ्यांत जास्त वेळ तुझ्याच हातात असायचा. मग इथे एमएसला आलीस, एकटी. पहिल्या हिवाळ्यात आईला फोनवर म्हणाली होतीस, "इथे कोणी कोणाशी बोलत नाही गं. फक्त युनिव्हर्सिटीच्या मॅचला गेलं की बाजूची बाई मिठी मारते." आई घाबरली होती.

आई गेली त्या वर्षीबद्दल आपण कधी बोललोच नाही. आता बोलते.

मी नागपूरला होते, सुट्टीवर. सकाळी आईच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमधून मी तुला फोन लावत होते. तुझ्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ होती आणि तू टेक्सासला मॅचला गेली होतीस. पुन्हा पुन्हा लावला. तू उचलला नाहीस. दीड तासाने तुझा फोन आला, आणि मागे एवढा गोंगाट, एवढं ओरडणं, की तुझं बोलणं कळेना. "येते" एवढंच कळलं. दुपारी आई गेली. तू तिसऱ्या दिवशी पोचलीस, सगळं झाल्यावर. तुझी बॅग हातातच होती आणि मी दारात विचारलं, "झाली मॅच?"

तू म्हणालीस, "झाली."

बस, तेवढंच. मला वाटलं, हिला साधी लाजही नाही.

तेरा दिवसांत घरात जो आला त्याला मी ते सांगितलं. मावशीला, मामांना, शेजारच्या काकूंना. आई मरत होती आणि ताई मॅच बघत बसली होती. मी आरडाओरडा केला नाही, हळूच सांगितलं, म्हणून त्यांना ते जास्तच पटलं. तू आतल्या खोलीत आईच्या साड्या लावत होतीस. तुला ऐकू येत होतं का?

गेल्या मार्चचंही सांगायचं आहे. हे मी सुनीललाही सांगितलेलं नाही.

तुझी चौथी केमो झाली होती. टीम आत गेली आणि मॅच होती फक्त चार तासांवर, साउथ कॅरोलिनात. तू आमच्या सोफ्यावर टोपी घालून बसली होतीस आणि म्हणालीस, "वैशू, नेतेस का? मी मागच्या सीटवर झोपून येईन. त्रास नाही देणार." तुला विनवणी करायची सवयच नव्हती. तू माझ्याकडे बघतही नव्हतीस, टीव्हीकडे बघत बोललीस.

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारते. विचारलं. दुपारी नर्सचा फोन आला. म्हणाली, रिपोर्ट ठीक आहेत, तिची एवढी इच्छा असेल तर मास्क लावून, गर्दीपासून जरा लांब बसून, जाऊ द्या.

मी बाहेर आले आणि तुला सांगितलं, "डॉक्टर नको म्हणाले."

तू म्हणालीस, "बरं." आणि थोड्या वेळाने, "जिंकले तर पुढच्या आठवड्यात बघू."

ती मॅच आपण घरीच पाहिली. एका पॉइंटने हरलो. तू रिमोट माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "बरं झालं नाही गेलो, रडत आलो असतो." ऑगस्टमध्ये तू गेलीस.

मी का खोटं बोलले? मी दमले होते, हे खरं आहे. ऑफिस, तुझी औषधं, रोजचा दोन तऱ्हेचा स्वयंपाक. चार तास गाडी चालवायचं त्राण नव्हतं. पण तेवढंच असतं तर मी तसं सांगितलं असतं, आणि सुनीलने सोडलं असतं तुला. ताई, तुला नाही म्हणताना मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. एकदा तरी ही मॅचला जाणार नाही, असं. आई गेल्यावर नऊ वर्षांनी.

म्हणून सोमवारी सकाळी मी कॅरलला फोन करून येते म्हटलं. तुझ्या आठवणीसाठी वगैरे नाही. मला घरात बसून ते चार तास आठवत बसायचे नव्हते.

बुधवारी निघालो. वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर, बोगदे, सगळीकडे करडं आभाळ. कॅरलने उकडलेली अंडी आणली होती आणि मी पराठे. तिने तीन खाल्ले. तू तिला लोणच्याची सवय लावली आहेस, तिने बाटलीच माझ्याकडून मागून घेतली. मॅचमध्ये तिने मला सगळं समजावून सांगितलं आणि मला काही समजलं नाही. तुमचा तो उंच सेंटर दोन फाउल करून बाकावर बसला तेव्हा ती तुझं नाव घेऊन म्हणाली, "नलूने आत्ता किती शिव्या दिल्या असत्या." कोणत्या भाषेत, विचारलं मी. "तुमच्या," ती म्हणाली. "मला चार येतात." आणि तिने म्हणून दाखवल्या. नागपुरी उच्चारासकट.

काल परत येताना तिने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "हरलेल्या मॅचचं मला काही वाटत नाही. मला चुटपुट लागली आहे ती टेक्सासच्या मॅचची."

मी म्हटलं, "ती तर तुम्ही जिंकलात ना?"

"जिंकलो. शेवटच्या सेकंदाला. आमच्या ग्रुपमध्ये तो बास्केट न पाहिलेल्या फक्त आम्ही दोघी. मी आणि नलू." माझ्याकडे बघून ती म्हणाली, "हाफटाइमला तिने बॅगेतून फोन काढला. तो बघितला आणि उभीच राहिली. मी तिचा कोट घेऊन मागे धावले. बाहेर जिन्याजवळ जमिनीवर बसलो होतो. तिने तुला फोन केला, मग एअरलाइनला, मग दुसऱ्या एअरलाइनला. आत लोक ओरडत होते आणि ती एक कान दाबून पासपोर्टचा नंबर सांगत होती. तिकीट मिळालं आणि तिथूनच मी तिला एअरपोर्टला सोडलं. तुला माहीत आहे ना हे सगळं?"

मी हो म्हटलं.

पाच-सहा मैल गेल्यावर मी रेस्ट एरियात गाडी घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "नाही. मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की ती मॅच संपेपर्यंत बसली होती."

कॅरलने सीटबेल्ट काढला. मग म्हणाली, "तिने मला सांगितलं होतं, तू दारात काय विचारलंस ते. मी म्हटलं, मग खरं काय ते सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, ती तिथे एकटी होती आईजवळ. बोलू दे तिला."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. कॅरलने पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही. नुसती बसून राहिली. ते बरं वाटलं.

ताई, बोलू दे म्हणजे काय? एक दिवस, दोन दिवस बोलू द्यायचं. नऊ वर्षं? माझ्या सोफ्यावर पाच महिने झोपलीस, तेव्हाही सांगावंसं वाटलं नाही? एका वाक्याचं काम होतं. माझ्यावर चिडली असतीस तरी चाललं असतं. तुझं हे गप्प राहणं मला नको होतं गं. त्याच्या जोरावर मी तुला चार तासांवरची ती मॅच नाकारली, आणि आता ते कोणाकडे फेडू?

का तुलाच वाटत होतं की वैशूचं बरोबर आहे? पहिल्या दीड तासात फोन बॅगेत होता, म्हणून? तसं असेल तर ऐक. आवाजात फोन ऐकू येत नाही. परवा मीही तिथे बसले होते. सुनीलचे तीन मिस्ड कॉल होते, मला कळलेही नाहीत.

माफ कर असं लिहावंसं वाटतं आहे, पण तू "बरं" म्हणशील आणि विषय बदलशील. मला ते नको आहे. म्हणून दुसरं काहीतरी करते.

नागपूरला आजही सगळे हेच मानतात की नलू आईच्या वेळी मॅच बघत बसली. तू गेल्याचं कळवायला फोन केला तेव्हासुद्धा मावशी म्हणाली, "शेवटी आईकडेच गेली बिचारी. पण आईच्या वेळी नव्हती ती." मी काही बोलले नाही. हे सगळं मीच पसरवलं आहे, तर परतही मीच घेईन. मामांना, काकूंना, ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या प्रत्येकाला फोन करीन. सुरुवात मावशीपासून, आज संध्याकाळीच. तिथे रविवारची सकाळ असेल, ती चहा घेऊन बाहेर बसलेली असेल, आजूबाजूला चार माणसं असतील. तिला आता कमी ऐकू येतं. दोन-दोनदा सांगावं लागतं, तेही ओरडून.

ओरडून सांगीन, ताई. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझी,
वैशू