लाल रेघ

परीक्षक साहेब,

माझ्या भाचीचा अर्ज तुम्ही नाकारलात, तेव्हा तुमची अक्कल काढायलाच मी हे पत्र लिहायला बसले. जमिनीखालच्या पाइपमधून पाणी कुठे गळतंय, ते वरून ऐकून सांगणारं यंत्र तिनं गॅरेजमध्ये चार वर्षं खपून केलंय. छोट्या उद्योगांना संशोधनासाठी सरकार अनुदान देतं, म्हणून अर्ज केला. तुमचा शेरा आला, 'यंत्र पूर्ण झालेले दिसते. संशोधन कशावर करणार?'

तुम्हाला खोटं पाडायला मी तिचा कच्चा मसुदा काढला. त्यात एक वाक्य होतं, 'रेताड जमिनीत यंत्राला काहीच ऐकू येत नाही. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.' त्यावर लाल रेघ होती. रेघ माझी; अर्ज पाठवण्याआधी तिनं तो मला तपासायला दिला होता.

मी कॉन्व्हेंटात शिकले. 'कळत नाही' असं लिहून देणं आम्हाला तिथे कुणी शिकवलं नाही.

भाची तेव्हा म्हणाली होती, "मावशी, अगं तेच तर शोधायचंय."

"आपली उणीदुणी सरकारला कशाला? तू आधी स्वल्पविराम सुधार," मी म्हणाले.

ती रोज जेवताना तुम्हाला गाढव म्हणते आणि मी मान डोलावते. आता त्याचाही कंटाळा आलाय. फेरअर्जाची मुदत परवा संपते. नाही जमलं तर ती गॅरेज सोडून नोकरी धरणार आहे.

हे पत्र तुम्हाला पाठवत नाही. मसुद्यासकट तिच्या ताटाशेजारी ठेवते. गाढव कोण, ते तिला कळू दे.

तुमचा शेरा मान्य असलेली,
अर्जदाराची मावशी