पाटावरचा फोन

दसरा, संध्याकाळ. डोंबिवली.

थकलोय. सकाळी अवजारांच्या पूजेसाठी पाटावर आजवर ऑनलाइन मागवलेली सगळी पेनं मांडली. मुलगी हसली. "बाबा, यातल्या एकाने तरी लिहिलंयत का? तुमचं हत्यार तो फोन!"

बायको म्हणाली, "अहो, पूजा कामाची करताय की खरेदीची?"

पेनं उचलली, फोन ठेवला. हळदकुंकू लावताना त्यावर जाहिरात उजळली: तुमच्यासारख्या लेखकांसाठी खास पेन. म्हणजे मी लेखक कशामुळे? विकत घेतलेल्या पेनांमुळे?

पूजेतलं अवजार उद्यापर्यंत वापरायचं नाही, म्हणून हे पाटावरून उचललेल्या एका नव्या पेनाने लिहितोय. पेन छान चालतंय. अक्षर मात्र माझं वाटत नाही. आणि माझं अक्षर कसं होतं, तेही नीट आठवत नाही.