आबा खडतऱ्याचं शेवटचं प्रकरण

११ जानेवारी
सकाळी नदीवर दहावा. स्पीकर आपलाच. दर दहाव्याला बोलणारे तात्या श्रद्धांजलीला उठले. "मी काय फार वेळ घेणार न्हाई." कावळा पिंडाला शिवून उडूनसुद्धा गेला, तात्या अजून मयताच्या बालपणात. मशीनमागं तोंडाला उपरणं लावून बसलो.
घरी येऊन शेवटचं प्रकरण संपवलं. त्यात आबा खडतरे जिवंतपणीच स्वतःच्या दहाव्याचं भाषण लिहून ठेवतो. दुसऱ्या कुणाच्या भाषणावर त्याचा भरवसा नाही. कादंबरी पुरी! नाव 'माझे दोन शब्द'. आत्मचरित्र आबाचं, हात माझा. सायकलला एक भोंगा बांधून गावोगाव हिंडणाऱ्या माणसानं पुस्तक लिहिलं. आता छापायचंच.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वळता वळता मंगलनं तिसरं प्रकरण वाचलं.
"ही पहिली बायको कोण?"
"आबाची."
"मग 'माझी' का लिवलंय?"
"आबाच सांगतोय ना सगळं."
"लिवलंय तर तुमी."
दुपारभर अबोला. चहा देताना हळूच, "आन् ती गेली कशानं?"
संध्याकाळपर्यंत सगळं वाचून काढलं. मग म्हणाली, "आबा म्हंजी तात्याच की."
"बोलणं फक्त त्यांचं. बाकी माझं."
"बोलण्याबिगर तात्यात दुसरं हाय काय?"
खरं आहे. पण भोंग्याला पहिली सुपारी तात्यांनीच दिली होती. स्वतःच्या पोरीच्या लग्नाची. लोक नको म्हणत होते, तरी. मंगल म्हणते, आधी त्यांना वाचून दाखवा, बाहेरून कळलं तर आपल्या दारात पाय ठेवणार नाहीत.

१९ जानेवारी
नगरला छापखान्यात. मालक शेवटची पानं चाळत एका वाक्यावर खिदळला. म्हणाला, आत 'सर्व पात्रे काल्पनिक' टाकू, झालं. टाका म्हटलं. पण त्यानं तात्या फसणार नाहीत. वाचूनच दाखवायचं, पहिल्यापासून. नको म्हणाले तर छापणार नाही, असं मंगलला सांगितलं. स्वतःला अजून सांगितलेलं नाही.

२२ जानेवारी
तात्यांची ओसरी. डोळे मिटून ऐकत होते. कावळ्याचा प्रसंग आला तशा सूनबाई आत फिसकन हसल्या. "कोन हसतंय गं?" मी तसाच रेटत गेलो.
संपल्यावर डोळे उघडले. मग,
"दुसऱ्याच पानाला वळखलं मी."
"तात्या..."
"माझ्यावर लिवतोस, तर भाषणं एवढी बारकी? माझं इतक्यात आटपतं व्हय?"
छापू का, विचारलं. "शेवटलं परकरण ठिवून जा. सांगतो."

३ फेब्रुवारी
रंगनाथकाकांचा दहावा. आमच्या बांधाला बांध. माणूस दम्याचा. पहाटे ते खोकले की सगळी आळी उठायची.
तात्या उठले. कागद नाही, बालपण नाही. "मानूस गेल्यावर त्याची किंमत कळंल का न्हाई, ठावं न्हाई. पन उद्या सकाळी कोन खोकत न्हाई, ते कळंल." आणि बसले. तात्या बसले! काकूंनी हंबरडा फोडला. थोरला पोरगा खांबाला धरून...
माझं वाक्य. शेवटच्या प्रकरणात आबाच्या तोंडी घातलेलं. छापखान्यात त्यावरच तर मालक खिदळला होता.
हातपाय धुताना तात्यांना गाठलं. "तात्या, तो विनोद होता."
"मंग? मी काय रडा म्हनलो व्हतो त्यास्नी?" धोतराला हात पुसत, "छाप तू. माझी ना न्हाई."

४ फेब्रुवारी
परवानगी मिळाली, पण हात चालत नाही. आता तेच वाक्य विनोदी म्हणून छापलं तर काकूंच्या घरात काय वाटेल? लोक म्हणतील, दहाव्यातलं उचललं आणि चेष्टा केली. मंगल म्हणते, काढून टाका. काढून पाहिलं. प्रकरण लंगडं झालं. परत घातलं.

६ फेब्रुवारी
छापखान्याचे दोन फोन. उचलले नाहीत. तिथं जायचं नंतर. आधी काकूंकडं. तात्यांना जे ऐकवलं ते त्यांनाही ऐकवायचं, एक ओळ न वगळता. मंगल म्हणाली, "दुखवट्याच्या घरात विनोद घिऊन जाताय, लोक काय म्हनतील?" म्हणू देत.

८ फेब्रुवारी
तीनच्या सुमारास गेलो. काकू भिंतीला टेकून बसलेल्या. पोरगा मळ्यात. सगळं सांगितलं. वाक्य तात्यांचं नाही, माझं आहे. काकांवरून लिहिलं नाही, तरी आता काकांचंच वाटेल. तुम्ही नको म्हणालात तर काढतो.
काकूंनी ऐकून घेतलं. मग पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.
"तात्यानं रडावलं आमाला."
"व्हय."
"तुमचं हसायचं हाय म्हनता?"
"हाय."
पदर सावरून नीट मांडी घालून बसल्या. "मंग वाचा. बगू, येतंय का."
पिशवीतून कागद काढले. चष्मा घातला.