टॉवरच्या खोलीचं दार

घणसोली, बुधवार

प्रिय बाबा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरी आहे, वेळेवर जेवते आणि नोकरीही अजून शाबूत आहे. उमेशदादा चिकूचा टेम्पो घेऊन वाशीच्या बाजारात आलाय, त्याच्याच हाती हे पाकीट देतेय. त्याला चहा पाज, दोन गोष्टी कर, आणि तो गेला की मगच वाच. अंगणात बसून वाचू नकोस, नाहीतर अख्खा पाडा मान लांब करून बघेल. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलास ते आज कामी आण. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही, तो तुझ्या टोपीत असतो.

आधी बातम्या सांगते, भांडण नंतर. हो, भांडणच. तुझ्या त्या टॉवरच्या खोलीच्या दारावरून इथे काय रामायण झालंय त्याची तुला कल्पना नाही. म्हणजे मला वाटतं, थोडीशी आहे. पण ते येईलच पुढे.

तुला माहीत आहे, आमची ही भरती शिकाऊ इंजिनीयरांची. वर्षभर कंपनी आम्हाला एकेका खात्यातून फिरवते, जे शिकलो ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायला लावते, आणि वर्षाच्या शेवटी ठरवते कुणाला ठेवायचं नि कुणाला टाटा करायचा. माझ्या खोलीत अदिती राहते. डहाणू रोडची, तिचे बाबा रेल्वेत आहेत. आपल्या इतक्या जवळची पोरगी, पण अच्छाडच्या पुढे, आपल्या पाड्यांकडे, कधी आलेली नाही. पाड्यावर संध्याकाळी काय करता असं तिने मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तुझ्यासारख्यांच्या गोष्टी सांगून हसतो. तेव्हापासून आमचं छान जमलं. आईने दिलेली सुकटीची चटणी तिनेच निम्मी संपवली, हे आईला सांग.

सुरुवातीला आम्हाला मोबाइलच्या टॉवरवर चढायला शिकवलं. कमरेला पट्टा, छातीला पट्टा, डोक्यावर टोपडं, दोन-दोन आकडे. एकेक जण शिडीला हात लावायचा आणि तोंडाने देवाचं नाव घ्यायचा. माझी पाळी आली तेव्हा मी भराभरा वर गेले. शिकवणारे विचारायला लागले, आधी कुठे शिकलीस? मी सांगितलं, माझा बाबा ताडावर चढतो, कमरेला मडकी बांधून, आणि वरून मला हाक मारून दाखवतो. त्यांनी विचारलं, पट्टा कोणता वापरतो? मला इतकं हसू आलं की वरच्या वर बसून राहिले. आता मात्र खरंच सांगते बाबा, पट्टा काय असतो ते कळल्यापासून तुझं ताडावर चढणं मला बघवणार नाही. यंदा पुरे कर. तुक्याकाकाला चढू दे.

मग आम्हाला आणलं पडद्यांच्या खोलीत. होळीला घरी आले होते तेव्हा या खोलीबद्दल मी तुला सांगितलं होतं. तू कोंबड्यांना दाणे टाकत होतास, ऐकतोयस की नाही तेच कळत नव्हतं. मोठ्या खोलीत भिंतभर पडदे, आणि इकडच्या सगळ्या टॉवरांची त्यावर नावं. वीज गेली, बॅटरी तापली, खोलीचं दार उघडलं, काहीही झालं की त्या टॉवरची ओळ लाल होते, टुंग करून आवाज येतो, आणि आम्ही तिथे माणूस पाठवायचा. आपल्या पाड्याच्या टॉवरचं नाव मी पहिल्याच दिवशी शोधून काढलं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या सगळ्यांना दाखवलं, हा माझ्या घराच्या मागे आहे, आणि याचा राखणदार म्हणजे माझा बाबा. फुशारकीच ती! होळीला तुझ्यापुढेही तीच मारली. म्हटलं, तू खोलीचं दार उघडलंस ना, तरी मला तिकडे बसून कळतं. तू एवढंच विचारलंस, लगेच कळतं? मी म्हटलं, लगेच. तू म्हणालास, बरां. आणि कोंबड्यांमागे गेलास.

होळी करून मी परत आले आणि हा प्रकार सुरू झाला. टुंग. तलासरीकडचा टॉवर, खोलीचं दार उघडं. थोड्या वेळाने आपोआप बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अदिती म्हणायला लागली, संगीता, तुमच्या दाराला रोज जांभई येते. मी नियमाप्रमाणे तंत्रज्ञ पाठवला, तो तलासरीचा मनिष. त्याने येऊन बघितलं, दार घट्ट बंद. त्याने लिहून पाठवलं, उंदीर असावा. मी पुन्हा पाठवला. त्याने लिहिलं, झाईकडून समुद्राचा वारा येतो, त्याने दार हलतं. तिसऱ्यांदा त्याने दाराचं ते कळवणारं यंत्रच बदललं आणि लिहिलं, माकड. म्हणे राखणदार फार भला माणूस, त्याने चहा दिला, चिकू दिले, आणि दाराबद्दल विचारलं तर म्हणाला, दार ना, ते बंदच असतं.

बंदच असतं! काय साळसूद रे तू बाबा. त्या बिचाऱ्याने तुझे चिकू खाऊन माकडावर आळ घेतला.

इथवर हसण्यावारी होतं. पण आमचे साहेब, देवेश सर, यांनी प्रत्येक शिकाऊला एक डोकेदुखी वाटून दिली. मुळाशी जायचं, कारण शोधायचं आणि सगळ्यांसमोर मांडायचं, त्यावर पुढचं पुष्कळ अवलंबून. माझ्या वाट्याला काय आलं असेल? तेच. विनाकारण वाजणाऱ्या दारांत आपलं दार सगळ्यात वर. त्यातच राखणदार पुरवणाऱ्या ठेकेदाराचं म्हणणं येऊन पडलं, की माणूस निष्काळजी आहे, बदलून टाकतो. ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. माझा बाबा आणि निष्काळजी? टॉवरच्या कुंपणात गवताची काडी वाढू देत नाही तो! मी मनाशी म्हटलं, थांबा, यंत्रच खराब आहे हे सिद्ध करून दाखवते की नाही बघा. तुझं काम वाचवायचं म्हणून मी कंबर कसून बसले, आणि त्या यंत्राच्या मागे हात धुऊन लागले.

दार कधी कधी वाजलं ते सगळं पडद्यावर मांडून बसले. आधी सगळं सकाळी, मग एकदम दुपारी. वारा असा वेळ बदलतो का? उंदीर तरी? मध्येमध्ये रिकामे दिवस, आणि रिकामा दिवस नेहमी बुधवार. बुधवारी माकडाला सुट्टी असते का, असं मी अदितीला विचारलं. ती म्हणाली, माकडाचं माहीत नाही, तुला असते.

बाबा, मी माझ्या पाळ्यांचा तक्ता काढून शेजारी ठेवला. सकाळी वाजायचं तेव्हा माझी पाळी सकाळची होती. दुपारी वाजायला लागलं तेव्हा माझी पाळी दुपारची झाली होती. एकच दिवस बसत नव्हता. त्या दिवशी मला ताप होता, मी खोलीवर झोपून होते, तरी दार वाजलं होतं. मग आठवलं, आई काळजी करेल म्हणून मी तिला फोनवर खोटंच सांगितलं होतं, कामावर चाललेय. म्हणजे त्या दिवशीही तू गेलास, दार उघडलंस, आणि इथे मी नव्हतेच. अदितीने ती लाल ओळ बंद केली आणि चहा प्यायला गेली.

तरी खात्री करायची म्हणून आईला फोन लावला. विचारलं, बाबा माझ्या पाळीची चौकशी करतो का? आई हसायलाच लागली. म्हणाली, रोज विचारतो, आज संगी कधी बसणार, आणि मग टोपी घालून टॉवरकडे जातो. कुठे चाललास विचारलं तर म्हणतो, पोरीला भेटून येतो. आईला वाटायचं, म्हातारा फिरला.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आधी हसले, मग रडले, मग तोंड धुऊन बाहेर आले तर अदितीने काही न विचारता बिस्किटाचा पुडा पुढे केला.

फोनवर तू काय बोलतोस सांग बरं? बरा हाय. जेवलीस? घे, आईशी बोल. एवढंच. मी पहिल्यांदा निघाले तेव्हा डहाणू रोडला गाडीत बसवायला आलास, आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ करून चालायला लागलास. मला किती राग आला होता! मला वाटलं होतं, हा माणूस माझ्याशी बोलायचं म्हटलं की पळतो. आणि तू रोज त्या पत्र्याच्या खोलीपाशी जाऊन माझ्याशी बोलत होतास, आणि मी मूर्ख तुझ्यामागे मनिषला पाठवत होते.

पण आता पेच पडला. खोटं मांडावं तर यंत्राला दोष द्यायचा, आणि ते बिचारं रोज खरं सांगत होतं. खरं मांडावं तर तुझं काम जाणार. दोन दिवस नुसती धुसफुसत होते, अदितीने तर माझ्यापुढे हात टेकले. शेवटी काल सगळ्यांसमोर उभी राहिले. तक्ता दाखवला, पाळ्या दाखवल्या, बुधवार दाखवले, आणि सांगून टाकलं की हा राखणदार माझा बाबा आहे, दार उघडलं की मला कळतं हे मीच त्याला सांगितलं होतं, आणि तो मला भेटायला येतो. खोलीत आधी कुणी हसलं. मग कुणीच हसेना. देवेश सर पडद्याकडे बघत म्हणाले, माझे वडील मला फोनवर फक्त हवामान सांगतात.

मग मात्र ते साहेब झाले. बजावलं, कारण सापडलं, आता बंद करणं तुझी जबाबदारी. खोटी हाक रोज आली तर खऱ्या चोराच्या वेळी कुणी धावणार नाही. हे त्यांचं खरं आहे बाबा, यात मी तुझी बाजू घेणार नाही. ठेकेदाराला त्यांनी थोपवलं आहे, पण अट घालून: यापुढे विनाकारण एकदा जरी वाजलं, तर दुसरा माणूस येणार. माझं मांडणं त्यांना आवडलं म्हणाले. पुढचा टप्पा नागपूरला, जमिनीखालच्या केबलचं काम शिकायचं. सोमवारपासून. त्यामुळे यंदा महालक्ष्मीच्या जत्रेला येता येणार नाही. माझ्या वाटचा नारळ तूच चढव, आणि बारकीआत्या झाईहून आली की तिला सांग, तिच्या भाचीचा पहिला अडथळा पार झाला.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. फोनवर हे सगळं बोलायला लागले असते तर तू अर्ध्यातच फोन आईच्या हाती दिला असतास. म्हणून लिहून काढलं. तर ऐक. उद्यापासून ते दार उघडायचं नाही. सोमवारी माझ्या खुर्चीवर दुसरीच कुणी बसेल, तू दार उघडलंस तर तिला काही कळणार नाही, ती नुसती माणूस पाठवेल. त्याऐवजी मला फोन कर, स्वतः कर, आणि कानाला धरून ठेव. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, कोंबड्या ऐकव. फक्त एकदा सूट आहे. मनिषने बदललेलं यंत्र नीट चालतं का याची चाचणी घ्यायची असते, आणि ती रविवारी सकाळी ठेवलीय, माझ्या या खोलीतल्या शेवटच्या पाळीला. देवेश सरांनीच ठेवली, राखणदाराने दार उघडून दाखवायचं असं वर नोंदवूनसुद्धा घेतलं. त्याने तुझ्या कामाला धक्का लागणार नाही. तेव्हा रविवारी सकाळी टोपी घाल, आईलाही बरोबर ने, आणि दार उघड. नेहमीसारखं घाईने लावून घेऊ नकोस, जरा वेळ उघडंच ठेव. मी समोरच बसलेली असेन.

तुझीच,
संगी