समक्ष पाहिले, हयात

३ नोव्हेंबर १९७२
मांजरसुंब्याला चहा घेऊन तालुक्याला पोचले, कोषागारात कारकून म्हणून रुजू झाले. खोलीच्या दारात लिंब आहे. शिपाई हरिबा म्हणाला, बाई, हितं पाणी सोडून समदं मिळतं. खूप दिवसांनी मोकळं हसले.

७ नोव्हेंबर
पेन्शनरांचे हयातीचे दाखले सुरू झाले. ते समोर अंगठा देतात, मी 'समक्ष पाहिले, हयात' लिहून सही करते. भगवानराव तेवढे येत नाहीत. निजामाच्या पोलिसात ते अमीन, म्हणजे इन्स्पेक्टर होते. वरच्या हुद्द्याची, मोहतमिमाची, बढती अठ्ठेचाळीस साली अडली. कागद हैदराबादहून मुंबईला गेले, अजून फिरताहेत. हुकूम पाहिल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय म्हणे.

९ नोव्हेंबर
त्यांच्या घरी गेले. गल्लीतल्या दारांना कुलपं. माणसं सहकारी कारखान्यांच्या उसाला गेलेली. त्यांच्या पत्नी साखराबाई म्हणाल्या, तोंडावरचं पांघरूण काढू नका, उजेड सोसत न्हाई. वाकळेतून हात तेवढा बाहेर आला, तो धरून ठसा घेतला. फार गार. म्हातारीची दया आली. तोंड न पाहताच लिहिलं: समक्ष पाहिले, हयात.

१३ नोव्हेंबर
माझ्या अंगठ्यावर लहानपणी विळी लागल्याचा व्रण होता. आज नाही. अंगठा सुपारीसारखा गुळगुळीत झालाय. टाचणी टोचली, कळली नाही.

१५ नोव्हेंबर
फाइल काढली. दरवर्षीचा ठसा निराळा. यंदाच्या ठशावर माझा व्रण आहे. गेल्या वर्षीचा हरिबाने ओळखला: माझ्या आधीचे कारकून सर्जेराव, त्यांचा चिरलेला अंगठा. ते चैत्रात वारले. त्यांच्या आधीचेही— हरिबाने फाइल मिटली.

१७ नोव्हेंबर
दाखला रद्द करा म्हणून साहेबांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. ते हसले. म्हणाले, भगवानराव सकाळीच बाजारात भेटले की, लई तरतरीत.

२० नोव्हेंबर
उजवा हात कोपरापर्यंत गेला. हे डाव्या हाताने— बढतीचा खोटा हुकूम टाइप केला, एका बोटाने. तो पाहिला की भगवानराव जातील. जायलाच हवेत.

२१ नोव्हेंबर
हुकूम त्यांच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो पांघरुणाआडच वाचला. डोळ्यांना लावला. साखराबाईंनी गूळ दिला. मी वाट पाहत बसले. ते म्हणाले, आत्ता कुठं मोहतमीम झालो बाई, आता काहून मरू?

२२ नोव्हेंबर
नव्या हुद्द्याचा नवा दाखला हवा म्हणून स्वतः आलेत. समोर उभे. आज तोंड पाहिलं. तरणं—
डावा हात मी लिहिण्यात गुंतवून ठेवलाय. थांबला की ते धरतील. काहीही लिहायचं. लिंब, हरिबा, लिंब— बोटं गार पड—