जिनाच्या बंगल्यातली विचारपूस

४ नोव्हेंबर १९६६

पोचले एकदाची! शेगाव स्टेशनवर उतरले तेव्हा माझा अवतार बघण्यासारखा होता. केसांत कोळशाची भुकटी आणि पातळाचा पार चोळामोळा. तिथून एस.टी.नं संग्रामपूर, आणि पुढं बैलांच्या दमणीत बसून हाडं खिळखिळी. पण जागा झकास आहे. कपाशीच्या शेतांच्या मधोमध कापसातली सरकी काढायचा, आता बंद पडलेला जिन, त्याच्या मॅनेजरचा हा कौलारू बंगला, आणि मागं सातपुडा. आम्हा साताऱ्याच्या माणसांना डोंगर दिसला की घरच्यासारखं वाटतं.

बंगला महादेवराव नावाच्या इथल्या मोठ्या शेतकऱ्यांचा. त्यांची बायको कॅन्सरनं गेली, तेव्हापासून त्यांनी तो अशाच रोग्यांसाठी देऊन टाकलाय. मोठ्या इस्पितळानं ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेली, पण घरी करणारं कोणी नसलेली माणसं इथं शेवटपर्यंत राहतात. सध्या तिघं आहेत. मला पुण्याहून आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मोठ्या बाईंनी धाडलंय. रोग बरा होत नाही हे ठरलं, पण उरलेले दिवस माणूस जगतो कसा? झोप लागते का, चार घास जातात का, दुखतं किती? हे कोणी विचारतच नाही, असं बाईंचं म्हणणं. ते मी विचारायचं, दोन महिने.

सगळा कारभार गोजरबाईंच्या हातात. साठीच्या, काटक, कपाळावर हे एवढं कुंकू. त्यांनी कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं तशी विचारलं, तुमच्याकडं नुसतं गोडच खातेत काय? मी म्हटलं, उद्या दुप्पट वाढा. आमचं जमणार.

६ नोव्हेंबर

तिघांशी ओळख झाली. तानुबाई, पन्नाशीच्या, डाव्या छातीतली गाठ फुटलेली. शालिग्राम, चिखलीच्या बाजारात धान्याचा मापारी होता, मांडीच्या हाडात रोग. आणि कडूबा म्हातारा, त्याचा घसा. त्याला जवारीच्या कण्यांचं पाणी तेवढं उतरतं.

दुखणं कसं मोजायचं ते मी गाडीतच ठरवलं होतं. नवे पैसे आले तरी माणसं अजून आण्यांतच बोलतात. तेव्हा विचारायचं, सोळा आण्यांतलं किती आणे दुखतं? स्वतःवरच खूश होते मी. पण विचारलं तर तिघांनीही भिंतीकडं तोंड केलं. एक अक्षर नाही! तानुबाईंच्या कपाळावर घामाचे थेंब, दातांखाली पदर, आणि मला म्हणतात काय, तर यंदा कापूस चांगला आहे.

तानुबाईंच्या गावची माणसं भेटायला आली. म्हैस व्याली ते सांगितलं, कोणाचं लगीन जमलं ते सांगितलं, केळी ठेवली आणि गेली. कशी आहेस, असं एकानंही विचारलं नाही. आठवड्याला येणारे डॉक्टरही तसेच. जखम बघितली, सुई दिली, चालू लागले. मला भयंकर राग आला. माणसं आहेत की दगड?

९ नोव्हेंबर

गोजरबाईंना फैलावर घेतलं. त्या म्हणाल्या, बाई, दुखणाऱ्याले दुखणं विचारू नाई. ज्यानं विचारलं अन् ज्याले सांगतलं, त्याच्याकडं जाते ते. म्हणूनच ही माणसं सांगत नाहीत, तुमच्याच भल्यासाठी.

मी पोट धरून हसले. मग चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं, रोग म्हणजे काय, गाठ म्हणजे काय. त्यांनी ऐकून घेतलं आणि गहू निवडायला बसल्या. पण मीही हट्टाला पेटले आहे. या लोकांचं मुकं सोसणं मला बघवत नाही.

१२ नोव्हेंबर

जमलं! तानुबाईंची पट्टी बदलताना त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, मला लेक समजा, सांगा. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी बांध फुटला. रडत रडत सगळं सांगितलं, कसं पेटतं, कसं काखेतून पाठीत जातं. सोळा आणे, म्हणाल्या. मीही रडले.

त्यानंतर त्यांना अशी गाढ झोप लागली की मी दोनदा नाडी पाहिली.

१६ नोव्हेंबर

तानुबाई भाकर खातात! केस विंचरून घेतले, गाणं म्हटलं. जखम आहे तशीच आहे, पण दुखणं शून्य आणे. नुसत्या विचारण्यानं एवढा फरक पडतो! मोठ्या बाईंना सविस्तर पत्र लिहिलं. गोजरबाई मात्र माझ्याकडं बघतच नाहीत.

माझ्या छातीत डावीकडं चमक येते. गादी उचलताना लचक भरली असणार.

१९ नोव्हेंबर

तानुबाईंना बघून शालिग्राम स्वतःच विरघळला. मापारीच तो, अगदी तोलून सांगितलं, पंधरा आणे, बाई, एक आणा तुमच्यासाठी सोडला. सांगून झाल्यावर उठून बसला आणि विडी मागितली.

कडूबा मात्र चिवट. मान हलवायचा, माझं तोंड हातानं दाबायचा. मी काही सोडते होय? दिवसभर मागं लागले. अखेर कुजबुजला. घशात निखारा आहे म्हणाला, आणि हात जोडून म्हणाला, माफ कर पोरी. किती हे सौजन्य, असं मला वाटलं.

२४ नोव्हेंबर

बरं नाही. मांडी हाडापासून ठणकते. गिळताना टोचतं. छातीचं तर विचारू नये. घरी धाकट्या बहिणीला, कोकिळाला, आमच्या कोकाला, पत्र टाकलं की अंगात काही राम नाही.

डॉक्टर आले. जीभ पाहिली, गाठी चाचपल्या, काहीच नाही म्हणाले. कुठं दुखतं, असं विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर बॅग उचलून निघाले, आणि फाटकाशी माझ्याकडं वळून हात जोडले.

२८ नोव्हेंबर

तानुबाई गेल्या. चहा पिता पिता, हसतमुखानं. इतकं सुखाचं मरण मी पाहिलं नव्हतं. वाटलं, त्यांच्याबरोबर आता माझ्या छातीतलंही जाईल.

गेलं नाही. उलट— 

२ डिसेंबर

आज गोजरबाईंना धरून बसवलं. माझ्याकडं पाठ करून बोलल्या. कोणी विचारलं नाही, तर दुखणं माणसासोबतच मसणात जातं. विचारलं आणि सांगितलं, की ते माणूस सोडतं. मग ते माणूस मेलं तरी दुखणं विचारणाऱ्याच्याच अंगात राहतं, त्याला जायला दुसरी जागा नाही. 

मी मरेन का, म्हटलं. म्हणाल्या, रोगच नाई तुम्हाले, त मरसान कायनं?

म्हणजे सुटका एकच, हे माझं मलाच कळलं. मला कोणीतरी विचारायचं, आणि मी सांगायचं. त्यांनी पदरानं कान झाकले. मी म्हटलं, भिऊ नका. मी नर्स आहे. हे मी पुढं ढकलणार नाही. एस.टी.तही बसणार नाही, तिथं कोणीतरी म्हातारी हटकून विचारेल, काय झालं गं बाई. इथंच राहीन.

म्हटलं खरं. पण भीती वाटते. फार भीती वाटते.

५ डिसेंबर

कोकिळाचं कार्ड आलं. माझं पत्र वाचून ती निघाली आहे. एकोणीस वर्षांची पोर, फाल्गुनात लग्न आहे तिचं. येईल आणि पहिलं काय विचारेल? तेच!

संग्रामपूरला माणूस धाडून तार केली, येऊ नको. पण कार्ड उशिरानं आलंय. ती गाडीत बसली असणार.

शालिग्रामही गेला. हसत. त्याची मांडी माझ्यात—

७ डिसेंबर

आवाज बंद. घशातून नुसती हवा.

बरं झालं. आता सांगू म्हटलं तरी सांगता येणार नाही. कोका वाचली.

आज दिवसभर एकच वाटत होतं— कोणीतरी विचारावं. झाडणाऱ्या बाईनं विचारावं, रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारावं— लाज वाटते लिहायला. कडूबा दारातून बघून गेला. भाकर खात होता.

८ डिसेंबर

दमणी आली. गोजरबाईंनी कोकिळाला ओसरीतच अडवलं. ताईले काही विचारू नको, म्हणून पाया पडल्या. कोकिळा हसली. मी हसले होते तशीच—

उशाशी बसली आहे. कपाळावर हात. गार हात.

विचारते आहे. कुठं दुखतं, अक्का?

मान हलवली. नाही. पुन्हा विचारते. नाही, नाही. रडते आहे.

म्हणते, बोलवत नाही तर लिहून दाखव. वही तिनंच धरली आहे. लिहिलं, विचारू नकोस. वाचलं. म्हणते, मी काय परकी आहे? सांग ना, कुठं—

सोळा आणे— तीन माणसांचे—

एकच सांगते. छातीतलं तेवढं. थोडंच. तरुण आहे, सोसेल. बाकीचं नाही सांगणार.

छातीत, कोका. डावीकडं. काखेतून पाठीत.

थांबलं. आई गं. थांबलं.

आणि मांडीत. हाडाच्या आत. उजवी मांडी. हात का काढलास? धर, वही धर नीट. अजून घशाचं सांगायचं—