बाबांचं मोठं मशीन

दादा,

भाजी गरम करून घे. सरपण अर्धंच कापून झालं आहे, कारण लहान चेनसॉ आज पुन्हा ओंडक्यात अडकला. घरगुती मशीन ते, फांद्यांपुरतं ठीक. जाड बुंध्याला बाबांचं मोठं, धंद्याचं मशीनच हवं, आणि ते दुरुस्तीला दिलंय असं तू बाबा वारले त्या दिवसापासून सांगतो आहेस.

मी आज दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, "ताई, ते मशीन माझ्याकडे आलंच नाही. तुमचे बाबा मला साधी साखळीची धारसुद्धा लावू देत नव्हते."

धार त्यांनी अपघाताच्या आदल्याच दिवशी माझ्यासमोर लावली होती. कानस अजून खिडकीत आहे. तेव्हा मशीन सुरळीत चालत होतं. नंतर बिघडलं असेल, असं समजून मी गप्प राहिले. आता वाटतं, त्या सकाळी मोठं मशीन जागेवर नव्हतं, म्हणूनच त्यांनी लहान मशीन बुंध्याला लावलं, आणि ते त्यांच्या अंगावर उसळलं.

मी मावशीकडे आहे. मशीन कोणाला दिलं होतंस, ते उद्या समोर बसून सांग. तोवर लहान मशीनला हात लावू नकोस. मला आता तू एकटाच आहेस.